‘मनावर घेऊ नका’ हा उपचार नव्हे

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला ताण आणि हृदयविकारावरचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘छोट्या गोष्टी मनावर घेऊ नका, हसत राहा’ हा त्यातला सूर वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही.

माझे मेहुणे गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या बहिणीला रात्री धाप लागली. जबडा ठणकत होता म्हणून ती तो तळहाताने दाबून बसली होती, कपाळावरून घाम निथळत होता. रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी घरात काय घडलंय ते ऐकलं आणि तेवढ्यावर निदान केलं. ‘टेन्शन आहे, मन घट्ट करा.’ झोपेची गोळी हातावर ठेवून घरी पाठवलं. ईसीजीसुद्धा काढला नाही! दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नेलं, तेव्हा ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेलं प्रथिन, वाढलेलं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, पण हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक नीट आकुंचन पावत नव्हतं. टाकोत्सुबो म्हणतात याला. मोठ्या धक्क्याने ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि हृदयाचा स्नायू काही काळ लुळा पडतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात, बहीणही सावरली. पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात, आणि त्यातली पहिली रात्र तिने घरी काढली. टेन्शन होतंच, ते हृदयावर आलंय का हे बघायला हवं होतं.

छातीत दडपण, धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं असेल, तर रडणाऱ्या बाईचाही ईसीजी आधी काढा, एवढं एक वाक्य तुमच्या लेखात का नसावं?

आणि हसत राहायचं ते कोणी? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की, आठवड्याला ५५ तास वा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. अशा माणसाचं बीपी चढतं, झोप तुटते, सिगारेट वाढते, गोळ्या चुकतात. त्याला बीपी मोजून घे, जमेल तेवढं चाल, झोपेची वेळ सोडू नको, उदास वाटत राहिलं तर समुपदेशकाकडे जा, असं नेमकं सांगा. कामाचे तास कमी करा, हे त्याच्या मालकालाही सांगा. लेखात मालकाचा उल्लेखच नाही.

जाता जाता, त्याच पानावर खाली ‘हृदयातील ब्लॉकेज विनाऑपरेशन मोकळे’ अशी पाव पानाची जाहिरात आहे. ती वाचून कोणी चालू गोळ्या बंद केल्या, तर जबाबदारी कोणाची? याचं उत्तर येत्या पुरवणीत छापावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक