जमिनीचे कागद कोणाला दाखवायचे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

सातबाऱ्याचं काम कोणाकडे द्यावं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ‘तहसीलमध्ये त्यांची चांगली ओळख आहे’ याला मी अनुभव म्हणणार नाही. त्या माणसाला जुनं रेकॉर्ड मागे मागे वाचत नेता येतं का, ते पाहा. आजचा उतारा त्याच्यापुढे ठेवा आणि गट पडण्याआधीचा सर्व्हे नंबर कसा काढाल, ते विचारा. जाणकार असेल तर तो एकत्रीकरणाचा (जुने सर्व्हे नंबर जोडून गट पाडले, त्याचा) उतारा मागेल, मग एकेका नावापुढचा फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, तिचा क्रमांक धरून मागे जाईल.

खरी मेख क्षेत्रात असते. जुन्या उताऱ्यावर एकर-गुंठे, आता हेक्टर-आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर). १ एकर २० गुंठे म्हणजे ६० गुंठे, म्हणजे ६०.७० आर, सातबाऱ्यावर ते ०.६०.७० असं यायला हवं. उतरवून घेताना कोणी सरळ १.२० लिहिलं, तर कागदावर ती जमीन १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ ३ एकर होते आणि आकारबंदाशी, म्हणजे प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकारणी नोंदवलेल्या सरकारी कागदाशी, मेळ बसत नाही. अशा वेळी ‘मोजणी आणा’ म्हणणाऱ्याला विषय कळलेला नाही. मोजणीने हद्द कळते, उताऱ्यातला आकडा दुरुस्त होत नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली, लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) म्हणून, तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सोबत जुना सातबारा, संबंधित फेरफार आणि आकारबंद यांच्या नकला जोडायच्या. चूक कोणत्या वर्षीच्या उताऱ्यापासून शिरली हे अर्जात स्पष्ट लिहा. तेवढ्यावाचून अर्ज अडून राहतात.

‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत. सोसायटीचं कर्ज फिटलं तरी त्या रकान्यातला बोजा (कर्जाची नोंद) आपोआप उतरत नाही. बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा दाखला) तलाठ्यांकडे देऊन तसा फेरफार घालून घ्यावा लागतो.

आजोबांच्या वारसनोंदीत आत्यांची नावं घालायचीच. ‘त्यांची लग्नं झाली आहेत, कशाला हवीत?’ असं कोणी सुचवलं, तर त्याला काम देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, आणि वगळलेलं नाव पुढे अपिलात उभं राहतं. वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे, हेही आत्यांना समजावून सांगा. वारसनोंदीची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस जावे लागतात आणि मगच मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. दोन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.

बाबा, मूळ खरेदीखत कोणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. आई, तेवढी प्रत तू वेगळ्या फाइलमध्ये लाव.

तुमची,
लेक