सोन्याचांदीचे काम कलामहाविद्यालयात शिकवावे : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय, सविनय नमस्कार.

समकालीन सुवर्ण-रौप्यकलेचा पदवी अभ्यासक्रम कोल्हापुरातील कलामहाविद्यालयात सुरू करावा, ही माझी विनंती आहे. मी गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफी पेठेतल्या, कारागिराची मुलगी आणि कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. कागदावर दागिन्याचे रेखाटन करायला शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. माझी मागणी त्यांच्याविषयी नाही.

चांदीचा पत्रा ठोकून वाटी उठवताना धातू कडक होत जातो आणि वेळीच ताव दिला नाही, म्हणजे तापवून मऊ केला नाही, तर काठ चिरतो. हा ताव मंद लालीवर ओळखायचा असतो, आणि ती लाली लख्ख उजेडात दिसत नाही, म्हणून जाणता कारागीर भट्टी मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. हे पुस्तकातून हाताला येत नाही. दुसरीकडे, कोल्हापुरी साजाच्या २१ पानांत मत्स्य-कूर्मादी अवतार घडवणाऱ्या हाताला, २०१९चा महापूर पाहिलेल्या या शहराच्या साजात आज कोणते चिन्ह यावे, असा प्रश्न कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारण्याची जागा कलामहाविद्यालय आहे. बर्मिंगहॅममध्ये १८९० साली सराफी वस्तीतच दागिनेकामाची शाळा उघडली आणि आज ती विद्यापीठाचा भाग आहे. आपल्याकडे गुजरी आणि चांदीकामाचे गाव हुपरी दोन्ही हाताशी आहेत.

खरी अडचण शिक्षकांची आहे. ज्याला हे काम येते त्याच्याकडे बहुधा पदवी नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ (व्यवसायातल्या अनुभवी व्यक्तीला अध्यापक नेमणे) मार्गदर्शक सूचनांत औपचारिक पदवी अनिवार्य नाही, १५ वर्षांचा अनुभव मात्र हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा. आमच्या गल्लीत तो अनुभव कितीतरी जणांकडे आहे. ‘वरिष्ठ पदावरचा अनुभव’ याचा अर्थ लावताना भट्टीपुढची बैठकही पद मानावी, एवढेच आपल्या विभागाने ठरवायचे आहे.

दुसरी अडचण चांदीच्या किमतीची, पण ती सुटण्यासारखी आहे. महाविद्यालयाने चांदी तोलून द्यावी, कातरण आणि भुगा तोलून परत घ्यावा, रीतसर घट मान्य करावी. फसलेले काम आटवता येते (बिघडलेल्या कॅनव्हासला ती सोय नाही). सुरुवातीची वर्षे तांब्या-पितळेवर काढली तरी चालेल.

अभ्यासक्रमाचा मसुदा मुंबईत करण्यापूर्वी कला संचालनालयाने गुजरी व हुपरीतील कारागिरांची बैठक कोल्हापुरातच बोलवावी. दिवाळीच्या हंगामात ती ठेवू नये, त्या दिवसांत कोणालाही येता येणार नाही.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर