चरईच्या काकांना, पिनबॉल मशीनच्या स्विचमधल्या धातूच्या पत्त्यांबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मशीन दुरुस्तीच्या मजुरीचं विचारलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला सांगता. पैसे घेणार नसाल तर निदान चार लोकांना कळू दे तुम्ही काय केलंत, म्हणून हे उघड पत्र.

बाबांचं ठाणे स्टेशनजवळचं व्हिडिओ गेम पार्लर बंद झालं तेव्हा बाकी सगळं विकलं गेलं, पण बॅली कंपनीचं पिनबॉल मशीन, म्हणजे उतरत्या टेबलावर धातूचा गोळा उडवत गुण मिळवायचा खेळ, त्यांनी घरी आणलं. १९७७ पासून बॅलीनं मायक्रोप्रोसेसरवर चालणारी मशीनं काढली, त्या पहिल्या पिढीतलं हे. बोर्ड आणि दिवे मी ओळखीतून दुरुस्त करून घेतले. अडलं ते गोळा लागल्याचं मशीनला कळवणाऱ्या स्विचपाशी. त्यांतल्या एकमेकींना टेकून संपर्क करणाऱ्या धातूच्या लवचीक पत्त्या थकल्या होत्या, काही तुटल्या होत्या, आणि परदेशातून मागवायच्या तर मालापेक्षा टपाल आणि कस्टमचाच खर्च जास्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ज्याला त्याला तुटकी पत्ती दाखवली, त्यानं मायक्रोस्विच, म्हणजे डबीत बंद असलेला तयार स्विच, पुढे केला.

तुम्ही मात्र पत्ती हातात घेतलीत, नखानं हलवून बघितलीत आणि म्हणालात, "अगं, हा तर आमचा रिले आहे." आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक पद्धतीच्या रिलेंच्या, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचांच्या, पत्त्या वाकवून गॅप लावणाऱ्या माणसाला ती ओळख पटायला क्षणही लागला नाही. पत्त्या, मधे इन्सुलेशनचे तुकडे, वरून दोन स्क्रू घट्ट. बांधणी तीच.

मायक्रोस्विच का नको, हे तुम्हीच पहिल्यांदा नीट सांगितलंत. गोळा ८० ग्रॅमचा. तो स्लिंगशॉटच्या, म्हणजे गोळा परत उडवणाऱ्या भागाच्या, रबराला आपटतो तेव्हा मागची पत्ती जराशीच दबते, तेवढ्यात संपर्क व्हायला हवा. पत्ती बोटानं वाकवून हवी तितकी हळवी करता येते, मायक्रोस्विचचं आतलं माप ठरलेलं असतं. त्या स्विचवरचे छोटे कपॅसिटर मी काढून टाकायला निघाले होते, तर तुम्ही हात धरलात. गोळा इतक्या झटकन आपटून परततो की संपर्क लगेच तुटतो. प्रोसेसरला तो दिसेपर्यंत धरून ठेवायचं काम ते कपॅसिटर करतात. वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या डायोडचंही तसंच. ५ आणि ८ तारांच्या जाळ्यावर ४० स्विचची सोय, आणि डायोड उलटा लागला किंवा शॉर्ट झाला तर न दाबलेला स्विचही दाबल्यासारखा मोजला जातो. डीसोल्डर करण्याआधी प्रत्येक डायोडवरच्या पट्ट्याची दिशा मला कागदावर काढायला लावलीत. तो कागद मशीनच्या आत चिकटवून ठेवला आहे.

मग माळ्यावरून तुमचा डबा खाली आला. भंगारात निघालेल्या ३००० टाइप रिलेंच्या पत्त्या, तेल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. त्यांची टोकं मधोमध चिरलेली आणि प्रत्येक पत्तीवर दोन-दोन चांदीचे पॉइंट. एका पॉइंटवर धूळ बसली तरी दुसरा काम करतो, म्हणून एक्स्चेंजमध्ये अशी पत्ती. काका, मूळ मशीनमध्येही ही सोय नव्हती. आज माझे रोलओव्हर, म्हणजे गोळा वरून गेला की दबणारे स्विच, त्या पत्त्यांवर चालतात आणि एकही गुण हुकत नाही.

फ्लिपरच्या, म्हणजे गोळ्याला फटका मारणाऱ्या दांड्याच्या, स्विचला मात्र तुम्ही चांदी लावू दिली नाहीत. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी: एक जाड तारेचं, जोरानं फटका मारणारं, आणि दुसरं बारीक तारेचं, फ्लिपर वर धरून ठेवणारं. फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा स्विच उघडतो, बारीक वेटोळं मधे येतं आणि करंट उतरतो. स्विच उघडलाच नाही तर जाड वेटोळं तापत राहतं आणि कॉइल जळते. तिथे ४३ व्होल्ट डीसी, दर फटक्याला ठिणगी. तिथे टंगस्टनच हवं, ते ३४०० अंशांच्याही वर वितळतं. आणि टंगस्टन कुठून आणायचं, तर जुन्या स्कूटरच्या सीबी पॉइंटमधून, म्हणजे इंजिनाच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचमधून! मला स्पेअरपार्टच्या दुकानात पिटाळलंत, पॉइंटचं टोक कापलंत आणि नव्या पत्तीवर रिव्हेट केलंत. हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नसतं.

कानस कुठे चालवायची आणि कुठे नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. टंगस्टनवर चालवायची. बाकीचे स्विच अगदी कमी करंटचे, त्यांचा मुलामा घासला की ते कायमचे गेले. तिथे कोरा कागद दोन पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढायचा. आमच्या सोसायटीतली सातवी-आठवीची पोरं आता हे करतात आणि एकमेकांना दटावतात.

बाबांनी परवा बराच वेळ खेळ केला. डाव्या फ्लिपरवर गोळा थोपवून धरायची त्यांची जुनी सवय आहे, आणि तेव्हाच तो टोकाचा स्विच उघडा असावा लागतो. कॉइलला हात लावून बघितला, कोमट होती. मशीन पहिल्यासारखं झालंय, असं त्यांनी स्वतः तुम्हाला फोन करून सांगितलंच आहे.

एक विनंती आहे. वाशीच्या एका ओळखीच्यांकडे असंच मशीन बंद पडून आहे आणि त्यांनाही पत्त्याच हव्या आहेत. डब्यात उरलेल्या असतील तर थोड्या द्याल का? गॅप लावायला मी जाईन, तुम्ही फक्त फोनवर असा. पत्तीचा ताण मोजायचा तुमचा टेन्शन गेज अजून माझ्याकडेच आहे. तो घेऊन शनिवारी येते, तेव्हा काकूंना सांगा, चहा मी करणार.

तुमची,
वरच्या माळ्यावरची पिनबॉलवाली