तुझ्या पगारातले 200 रुपये

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहीत आहे. खेड्यातले लोक फुकटचं रेशन खाऊन बसून राहतात, असं तुझा सुपरवायझर म्हणाला आणि तू खाली मान घालून ऐकलं. ते मला फार लागलं.

आपलं वर्ष तू पाहिलं आहे. आषाढात धानाचं रोवणं, दिवसभर चिखलात वाकून. दिवाळीच्या आगेमागे धान कापणं, बांधणं, चुरणं. मग गावातल्या कितीतरी बाया लेकरं म्हाताऱ्यांजवळ ठेवून तेलंगणात मिरची तोडायला जातात. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायची, वाघाची धास्ती घेऊन. मे महिन्यात तेंदूपत्ता. यात बसून कोण राहिलं? पण प्रत्येक काम थोड्या दिवसांचं, मधले दिवस उधारीवर निघतात. रोवण्याची मजुरी हाती येते ती उन्हाळ्याची उधारी फेडायला. त्यातही बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमीच.

महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापतात, ते कुठे जातात, असं तू विचारलं होतं. 1972 च्या दुष्काळात आपल्या राज्यात रोजगार हमीची कामं निघाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. तिला पैसा हवा म्हणून 1975 साली हा कर बसवला, आणि 1977 साली हमीचा कायदा झाला. शहरात ज्याला बांधलेला पगार आहे, त्याच्या पैशातून खेड्यात मागेल त्याला काम. सुपरवायझरचेही कापतातच, त्याला हे सांगजो. आम्ही काम मागतो, भीक नाही. उन्हाळ्यात मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, गाळ आम्ही काढतो, त्याच तलावाच्या पाण्यावर धान निसवतो.

यंदा आम्ही बायांनी मिळून कामाची मागणी लेखी दिली. पावती द्यायला टाळत होते, आम्ही उठलो नाही. तारखेची पावती असली तर 15 दिवसांत काम द्यावं लागतं, नाही तर बेरोजगार भत्ता. तोंडी मागितलं तर मागितलंच नाही म्हणतात.

तूही कागद धरून राहजो. ठेकेदार पीएफ कापतो, तर यूएएन, म्हणजे तुझ्या पीएफचा कायमचा नंबर, मागून घे आणि भरणा होतो का ते मोबाइलवर पाहा. त्यानं भरला नाही तर कंपनीला भरावा लागतो. या महिन्यात घरी पैसे पाठवू नको, आधी खोलीचं भाडं दे.

तुझी माय