आयॅम्ब म्हणजे लघु-गुरु नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी कवितेच्या मीटरवर, म्हणजे वृत्तावर, लेख वाचला. विषय घेतलात हेच भारी वाटलं, कारण दहावीला ॲप्रिसिएशनमध्ये राइम स्कीम लिहायला लावतात पण मीटरचं नाव कोणी काढत नाही. फक्त त्यात आयॅम्ब (इंग्रजीत आधी हलकं, मग जोराचं अशी दोन सिलॅबलची, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांची, जोडी) म्हणजे आपला लघु-गुरु असं सरळ छापलंय, तिथे गडबड झालीय. मी स्वतः याच समजुतीत कित्येक वर्षं काढलीत म्हणून लिहितोय.

आपला लघु-गुरु म्हणजे वेळेचा हिशोब, लघुची एक मात्रा, गुरुच्या दोन. मनाचे श्लोक घ्या, भुजंगप्रयात, ओळीत चार वेळा य गण, तोंड न उघडता नुसतं बघून खुणा करता येतात. इंग्रजीत जोर कुठे पडतो ते ऐकावं लागतं. शेक्सपिअरची 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे' ही ओळ घ्या, सिलॅबल दहा, ठोके पाच (देवनागरीत लिहून अक्षरं मोजू नका, 'पेअर' तिथे एकच आहे). आता 'समर्स' बघा, आपल्या नियमाने स लघु आणि पुढे जोडाक्षर आलं म्हणून म गुरु, आणि इंग्रजीत ठोका नेमका स वर! कॉलेजात मी या ओळीवर गण पाडत बसलो होतो, काही केल्या जुळेनात, शेवटी शेक्सपिअरचंच चुकलं असेल म्हणून वही मिटली.

घोळ नावातच आहे. आयॅम्ब हा शब्द ग्रीक, आणि ग्रीकांचं वृत्त आपल्यासारखंच लांब-आखूड मोजायचं, त्यामुळे तिथे आयॅम्ब खरोखरच लघु-गुरु. इंग्रजीने नावं तीच उचलली आणि लांबीच्या जागी जोर आणून बसवला. म्हणजे तुमच्या लेखकाचं म्हणणं बरोबर आहे, पण ग्रीकसाठी.

आपल्या कानाला हा जोर पटकन सापडतच नाही, कारण मराठीत जोर हलला म्हणून शब्द बदलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या सिलॅबलवर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आपण दोन्ही एकाच चालीत म्हणून मोकळे. डिक्शनरीत उच्चाराच्या जागी वरच्या बाजूला जी बारीक उभी रेघ असते ती याच्यासाठीच, तिच्या लगेच पुढच्या सिलॅबलवर जोर. मला हे चाळिशीत कळलं, तोवर छपाईतला डाग समजायचो.

आणि बालवाडीतली पोरं 'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार'वर टाळ्या वाजवतात ना, सात सिलॅबल, चार टाळ्या, त्यांना कोणी सांगावं लागत नाही. तो ट्रोकी, म्हणजे आयॅम्बच्या उलट, जोर आधी, शेवटचं हलकं सिलॅबल गाळलेलं.

तर एवढी दुरुस्ती छापाल का? आणि पुढच्या वेळी कवितेच्या ओळी देताना जोराची अक्षरं ठळक टाइपात द्या, म्हणजे वाचणाऱ्याला मोठ्याने म्हणून बघता येईल.

आपला,
एक जुना वाचक, मिरज