सर, तुम्ही माझ्या वडिलांना खुर्ची दिलीत

आदरणीय सर,

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

मी पुण्यात मामाकडे राहून गोल्फ शिकलो. मामा कोर्सवर माळीकाम करतात. वडील अमळनेर तालुक्यात कपाशी पिकवतात. मी प्रोफेशनल व्हावं का, एवढं एकच विचारत आम्ही बापलेक फिरत होतो. एका अकादमीत माझ्याशी अर्धा तास इंग्रजीत बोलणं झालं, वडील बाहेर बाकावर. फीचा आकडा सांगायचा तेव्हा मात्र त्यांना आत बोलावलं! दर दोन वाक्यांमागे चौरसियांचं नाव. त्यांचे वडील ग्रीनकीपर, म्हणजे गोल्फचं मैदान राखणारे, स्वतः कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारे, आणि २०१६ व २०१७ अशी सलग दोनदा इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकलेले एसएसपी चौरसिया. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांचं नाव घेऊन शेतकऱ्याला "थोडी जमीन काढा" म्हणणं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मला हँडिकॅपही, म्हणजे माझ्या खेळाचा दर्जा सांगणारा आकडाही, विचारला नाहीत. आधी कोपऱ्यातली खुर्ची आणलीत, रुमालाने पुसलीत आणि म्हणालात, "बसा दादा, हे आधी तुम्हाला कळायला हवं." मग कपाटातून वही काढून त्यांच्यापुढे ठेवलीत. तुम्ही प्रोफेशनल स्पर्धांच्या टूरवर खेळायचात तेव्हाची. एन्ट्री फी, कॅडी, रेल्वे, लॉज. शेवटचा रकाना मिळकतीचा, आणि त्यात पानंच्या पानं नुसत्या आडव्या रेघा. वडिलांनी एका रेघेवर बोट ठेवलं. तुम्ही सांगितलंत: स्पर्धा चार दिवसांची, ७२ होलची. ३६ होल झाले की कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर. कट हुकला की बक्षिसातला रुपया नाही, खर्च मात्र झालेला.

वडील वहीतून मान वर न काढता म्हणाले, "हाऊ ते आमना कपाशीनाच हिशोब शे."

"अगदी तसाच," तुम्ही म्हणालात. त्यानंतर तासभर ते प्रश्न विचारत होते. माझ्या गोल्फबद्दल वडिलांनी इतके प्रश्न कधी विचारले नव्हते, कारण विचारावं असं त्यांना कुणी वाटूच दिलं नव्हतं.

नंतर सरावाच्या रेंजवर माझे शॉट पाहिलेत. लाँग गेम, म्हणजे लांबचे फटके, चांगला आहे, पण शंभर यार्डांच्या आत मी शॉट वाया घालवतो, हे तोंडावर सांगितलंत. एकदा प्रो झालो की हौशी स्पर्धा बंद, परत यायचं तर रीतसर अर्ज करावा लागतो, हेही बजावलंत. कुठे "हो" म्हणाला नाहीत की "नाही". फी विचारली तर हात जोडलेत.

आता ठरलंय ते असं: बीकॉम पूर्ण करायचं, तोवर हौशी म्हणून खेळायचं, मग क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे टूरवर जागा मिळवायची पात्रता स्पर्धा. त्यासाठी किती पैसे बाजूला काढायचे आणि कुठे थांबायचं, तो आकडा वडिलांनी स्वतः ठरवलाय. जमिनीला हात लागणार नाही. माणूस समोरच्याला माणूस म्हणून वागवतो तेव्हा घरातली केवढी भांडणं टळतात, हे आमच्या आईला विचारा.

आणि भरताची वांगी निघाली की अमळनेरला यायचंच, असा वडिलांचा निरोप आहे. कळण्याची भाकरी आई करेल. नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
अमळनेरचा विद्यार्थी