गव्याचा पाय कापल्याबद्दल

मिस्त्री, नमस्कार.

मोबाइलवरचं एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही, हे मला माहीत आहे. नात वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय, कारण चूकही चारचौघांत झाली आहे. राधानगरी रोडवर आपला भंगारातून केलेला गवा उभा राहिला, त्याच्या पाटीवर 'संकल्पना व शिल्प' याखाली माझ्या एकटीचं नाव आहे. पाटीचा मजकूर मीच लिहून दिला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी सापडत नाही. नवी पाटी टाकलीय. ती येईपर्यंत हे पत्र.

उद्यमनगरात तुमच्या शेडवर पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे कागदावर एक सुंदर गवा होता आणि टेम्पोत भंगार. ट्रकच्या पाट्याची पानं, सायकलच्या चेनी, ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील, दुधाचे चेपलेले कॅन, शिवाय मोडक्या बैलगाडीची दोन बाभळीची चाकं. तुम्ही कागदाकडं पाहिलंच नाही. टेम्पोत चढलात, एकेक नग हातोडीनं वाजवून दोन ढीग केलेत आणि म्हणालात, "ह्ये चिकटतंय. ह्ये चिकटत न्हाई."

माझा त्यावर विश्वास बसला नाही. कपाळासाठी मी हौसेनं एक गिअरबॉक्सचं कव्हर निवडलं होतं. तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात दहा नंबरचा रॉड लावून मीच ते जोडलं. जोड देखणा आला होता. चहा प्यायला बसलो आणि टक् करून आवाज झाला. जोडाच्या कडेनं केसाएवढी चीर. "बीड हाय ते बाई," एवढंच बोललात. मग सांगितलंत की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वेल्डिंगनं एका जागी तापतं, निवताना आकसतं, पण त्याला ताणायची सवय नसते, म्हणून तडकतं. निकेलचा महागडा रॉड आणा, नाहीतर गुमान बोल्ट मारा. आपण बोल्ट मारले. बघणाऱ्यांना ते कपाळावरचे भोवरे वाटतात आणि मी कोणाला खरं सांगत नाही.

पण आभार मानायचेत ते पायाचे.

चारही पाय मी अकरा दिवस खपून केले होते. सळईचा सांगाडा, त्यावर चेनीचे पीळ, खूर नांगराच्या फाळांचे. तुम्ही लांब जाऊन तंबाखू मळत उभे राहिलात आणि म्हणालात, "बाई, टेबल झालंय." मला राग आला. तुम्ही पुढं विचारलंत, "जनावर हुभं ऱ्हाताना बघितलंय का कधी?" मी शाळेत चित्रकला शिकवते, प्राण्यांची शरीररचना मुलांना फळ्यावर काढून दाखवते. मला विचारता?

तरी संध्याकाळी तुमच्या गोठ्यात गेले. म्हैस तीन पायांवर उभी होती. चौथा नुसता टेकवलेला, खूर जरासा वाकडा, आणि त्या बाजूचा खांदा खाली उतरलेला. तेवढ्या उतारामुळं अख्खं अंग जिवंत दिसत होतं. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गव्याला चेन ब्लॉकवर टांगलंत, गॅस कटर पेटवलात आणि पुढचा डावा पाय खांद्यातून कापलात. 'कापू का' असं विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी नकोच म्हटलं असतं. दोन दिवस मी शेडकडं फिरकले नाही, तुमचा फोनही उचलला नाही. त्याचीही माफी.

परत आले तेव्हा खांद्याच्या जागी बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा बसला होता आणि पाय त्याच्याखाली ढोपरात मोडून लागला होता. पाठीवरचा तो उंच कणा, गव्याची खरी ओळख, मी पाट्याच्या पानांचा सरळ रेषेत केला होता. तो आता खांद्याबरोबर एका अंगाला कलला होता. डोकं जड म्हणून सगळं धूड पुढं लवत होतं, तर तुम्ही फ्लायव्हील ढुंगणात घातलंत. काट्यावर ८६० किलो भरलं. राधानगरीचा थोराड नर हजाराच्या घरात जातो, म्हणजे आपला तसा सडसडीतच.

पायातले पांढरे मोजेही तुमचेच. दुधाच्या कॅनचं अॅल्युमिनियम मी लोखंडाला वेल्ड करायला निघाले होते! तुम्ही रिव्हेट मारलेत आणि दोन्हींच्या मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी घातलीत, नाहीतर पावसात दोन धातू एकमेकांना खातात म्हणून. लाकडाला बोल्टासाठी पट्टीत गोल भोक पाडू दिलं नाहीत, लांबोडकं पाडायला लावलंत. बाभूळ पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, तिला सरकायला जागा पाहिजे. लहानपणी गावात गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव चाकावर चढवताना मी पाहिली होती. पाणी ओतलं की लोखंड आवळायचं आणि लाकूड करकरायचं. ते रोज बघूनही हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या पुस्तकांत एक गोष्ट आहे. १९२८ साली पिकासोला लोखंडात काम करायचं होतं, पण जोड मारता येत नव्हता. त्यानं जुना मित्र हुलिओ गोन्झालेझ याला गाठलं. हा बार्सिलोनातल्या धातुकाम करणाऱ्या घरातला, १९१८मध्ये पॅरिसजवळ रेनॉच्या कारखान्यात वेल्डिंग शिकलेला. दोघांच्या कामातून एका बाईचं डोकं तयार झालं, त्यात चक्क स्वयंपाकघरातल्या चाळण्या आहेत. नाव पिकासोचं. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, गोन्झालेझबद्दल हळहळते, आणि पाटीच्या वेळी मात्र काही आठवलं नाही. आपल्या कोल्हापुरातले चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटरसुद्धा मूळच्या आडनावानं मेस्त्रीच की. जाता जाता सांगते, गोन्झालेझनं स्वतःची लोखंडी शिल्पं पन्नाशीनंतर मनावर घेतली. तुमच्या फळीवरचा तो पान्ह्यांचा कोंबडा मी पाहिलाय.

मजुरी तुम्ही पूर्ण घेतलीत, रॉडसुद्धा मोजून लावलेत, ते बरं केलंत. उपकार केले असतेत तर मला भांडता आलं नसतं. तुमची चिपिंग हातोडी माझ्याकडं राहिलीय, शनिवारी आणून देते.

आणि एक. शेवटच्या दिवशी तुम्ही पोटाखाली ड्रिलनं भोक पाडलंत, तेव्हा मी कुरकुरले होते. परवा पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी सकाळी तिथल्या वॉचमनचा घाबरून फोन आला, "बाई, गवा मुतायला लागलाय, तांबडं." म्हटलं, मिस्त्रींनी तशी सोय करून ठेवलीय.

तुमची,
बाई